दोन टोयोटा, दोन ॲक्सल: सॉलिड फ्रंट ॲक्सल निवडतानाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

गाड्या दोन. माझी २००१ ची टोयोटा टकोमा, ३.४ लिटरची व्ही-सिक्स, पाच गिअरची मॅन्युअल. चुलतभावाचा १९८८ चा टोयोटा पिकअप, २२-आरई इंजिनाचा. माझ्या गाडीपेक्षा तेरा वर्षांनी म्हातारा आणि त्याच्या मते तेरा पटींनी चांगला. दोन्हींना पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, माझ्या गाडीला कॉइल स्प्रिंगवरचं, त्याच्या गाडीला टॉर्शन बारवरचं (पीळ बसणारी सळईच स्प्रिंगचं काम करते). ते काढून दोन्हींना एकसंध सॉलिड ॲक्सल घालायचा, हे नक्की झालं. फिनिक्समध्ये असल्या कामाला थंडीचेच महिने मिळतात. मे महिन्यात गॅरेजच्या फरशीवर उताणं पडून पाना फिरवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

कशासाठी, हे लिहून ठेवतो, कारण घरात हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघणार आहे. दगडांवरून हळू चढताना इंडिपेंडंट सस्पेन्शनचं एक चाक वर गेलं तर दुसऱ्याला त्याची खबर नसते. ते आपलं तिथेच लटकत राहतं. सॉलिड ॲक्सलमध्ये एक चाक वर दाबलं गेलं की दुसरं खाली रेटलं जातं आणि जमीन धरतं. शिवाय गाडी उचलली की इंडिपेंडंटमधल्या सीव्ही जॉइंटचे (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या वाकत्या सांध्यांचे) कोन वाढतात आणि रबरी बूट फाटत राहतात. सॉलिड ॲक्सलची उंची कितीही वाढवा, आतला शाफ्ट सरळच राहतो. उलट बाजूही आहे: डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा कायम खाली लोंबतो, स्प्रिंगखालचं वजन वाढतं, हायवेवर गाडी उधळते. वाळवंटात ताशी शंभर मैलांनी पळणारे रेसवाले पुढे इंडिपेंडंटच ठेवतात, आणि त्यांचं बरोबर आहे. आम्हाला पळायचं नाही, चढायचं आहे.

आज एवढंच ठरवलं: टायर. मला ३५ इंची, भावाला आत्ता ३३ आणि "पुढे बघू". त्याच्या "पुढे बघू"चा अर्थ मला माहीत आहे, म्हणून त्याच्याही नावापुढे ३५ लिहिलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन्ही गाड्या जॅकस्टँडवर घेऊन खालून पाहिल्या. इथेच निम्मा निकाल लागला.

ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) पुढच्या ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट कोणत्या बाजूने निघतो, त्याच बाजूला ॲक्सलचा गोळा हवा. भावाच्या पिकअपमध्ये तो उजवीकडून, म्हणजे पॅसेंजरच्या बाजूने निघतो (अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, हे सांगलीत वाचणाऱ्यांसाठी). टकोमात तो डावीकडून, ड्रायव्हरच्या बाजूने. कंपनी एक, इंजिनं थोडी मागेपुढे, पण १९९५ मध्ये टकोमा आली तेव्हा बाजू बदलली. त्यामुळे त्याला चालणारा ॲक्सल मला चालणार नाही. एकाच माणसाकडून जोडीने दोन ॲक्सल आणू आणि भाव पाडून घेऊ, हा बेत गॅरेजमध्येच संपला.

बाजू बदलता येत नाही असं नाही. टकोमाची साखळीवर चालणारी ट्रान्सफर केस काढून जुन्या पिकअपची गिअरवाली केस ॲडॅप्टर घालून बसवतात. मग शाफ्ट उजवीकडे येतो आणि जुना टोयोटा ॲक्सल घालायची वाट मोकळी होते. पण ॲक्सल आवडला म्हणून ट्रान्सफर केस बदलायची, म्हणजे जोड्यासाठी पाय कापण्यातला प्रकार. ज्यांना दोन ट्रान्सफर केस एकामागे एक लावून खूप खालचा गिअर हवा आहे त्यांचं तसंही ते काम निघतंच. त्यांना हा मार्ग फुकटात पडतो.

मग रुंदी. मागच्या ॲक्सलवर चाक जिथे टेकतं त्या दोन पृष्ठभागांमधलं अंतर मोजलं. माझं साधारण ६० इंच, भावाचं साधारण ५८.५. पुढचा ॲक्सल याच्या इंचभर इकडेतिकडे असला तर चालेल. त्यापुढे गेलं की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वाटेने जातात. दगडात पुढचं चाक वाचवलं तरी मागचं अडकतं.

तिसरी गोष्ट नटांची. दोन्ही टोयोटा सहा नटांच्या, ५.५ इंच वर्तुळावर, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. पुढे आठ नटांचा ॲक्सल आला तर मागचाही बदलावा लागेल, नाहीतर दोन स्टेपन्या वागवत फिरायचं.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीजेला सगळे आमच्याकडे. चकलीचा डबा मध्ये ठेवून वहीत यादी केली. फोनवर सांगलीचे काका होते. त्यांना सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "अरे, आपल्या जुन्या महिंद्रा जीपला हा ॲक्सल कंपनीनेच दिलेला होता. तुम्ही पैसे मोजून मागे चाललाय." मुद्दा अगदीच खोटा नाही. विलीजच्या आराखड्यावर बनलेल्या त्या जीपना पुढे सॉलिडच होता, जिप्सीलाही शेवटपर्यंत तोच, आणि जिम्नीला आजही आहे. २०१० ची थार टॉर्शन बारवर आली तेव्हा तिकडच्या जीपवाल्यांनी हेच म्हणून नाक मुरडलं होतं.

टोयोटाचंही तसंच. अमेरिकेत विकलेल्या पिकअपला १९७९ ते १९८५ पुढे सॉलिड ॲक्सल होता. १९८६ च्या मॉडेलपासून इथल्या गिऱ्हाइकाला गुळगुळीत चाल हवी म्हणून इंडिपेंडंट आलं. ऑस्ट्रेलियासारख्या बाजारांत तोच हायलक्स १९९७ पर्यंत पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या सॉलिड ॲक्सलने विकला जात होता. म्हणजे भावाच्या १९८८ च्या गाडीला लागणारा ॲक्सल तीन वर्षं आधीच्या तिच्याच थोरल्या बहिणीखाली आहे. गोळा उजवीकडे, सहा नट, पाट्यांच्या सीट वेल्ड केलेल्या. अडचण एकच: रुंदी साधारण ५५.५ इंच, मागच्यापेक्षा तीन इंच कमी. त्यावर जुना तोडगा आहे. इंडिपेंडंट पिकअपचे हब (चाक ज्यावर बसतं ते भाग) या ॲक्सलवर चढतात आणि दर बाजूला दीड इंच बाहेर येतात. ५५.५ अधिक ३, बरोबर ५८.५. काढून टाकायच्या सस्पेन्शनमधलेच हब नव्या ॲक्सलला लागले. त्याची यादी एका ओळीत संपली आणि तो चकलीकडे वळला.

माझी यादी पानभर झाली.

जीप वॅगनीअरचा डेना ४४ (डेना हा ॲक्सलचा मेक, ४४ आणि ६० ही त्याची मॉडेलं). १९८० ते १९९१ च्या गाड्यांत गोळा डावीकडे (त्याआधीच्यांत उजवीकडे, म्हणून वर्ष बघूनच घ्यायचा), सहा नट, तेच ५.५ इंचाचं वर्तुळ, रुंदी साठच्या आसपास. पिनियन (शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, जे गोळ्यातल्या क्राउन या मोठ्या चक्राला फिरवतं) मात्र खाली.

फोर्ड एफ-१५० किंवा ब्रॉन्कोचा १९७८-७९ चा डेना ४४. गोळा डावीकडे, पिनियन वर, म्हणून जो तो याच्याच मागे. पण पाच नट, रुंदी ६५ च्या घरात, आणि रेडियस आर्मच्या (ॲक्सल चासीला धरणाऱ्या दांड्यांच्या) पाचरी हाउसिंगवर, म्हणजे ॲक्सलच्या कवचावर, ओतलेल्याच असतात. पाटे लावायचे तर त्या कापून घासून काढाव्या लागतात.

शेव्हरलेचे १९७० आणि ८० च्या दशकांतले डेना ४४ आणि टेन-बोल्ट ॲक्सल. सहा नट, स्वस्त, कुठेही मिळतात, गोळा उजवीकडे. माझ्यासाठी बाद.

डेना ६०. फोर्ड एफ-३५० चा १९८५ ते ९१ चा किंगपिनवाला (चाक जाड खिळीवर वळणारा) सगळ्यात मागणीचा, गोळा डावीकडे, पिनियन वर. आठ नट.

शेवटी बाजारात नवं मिळणारं हाउसिंग: गोळा डावीकडे, आत टोयोटाचे ८ इंची क्राउन-पिनियन, बाहेर टोयोटाचे नकल (चाक वळवणारे टोकाचे सांधे) आणि हब. हवी ती रुंदी सांगा, तशी बनवून देतात. त्यात १९९१ ते ९७ च्या ८०-सिरीज लँड क्रूझरचा वर पिनियनवाला पुढचा गोळाही बसतो. सगळ्यात सुबक उत्तर, आणि सगळ्यात महाग.

१६ नोव्हेंबर, शनिवार

डेना ६० चं प्रकरण आज मिटवून टाकलं, कारण ओळखीतला प्रत्येक जण तेच सुचवतोय. ६० चा क्राउन ९.७५ इंचांचा, ४४ चा ८.५, टोयोटाचा ८. कागदावर प्रश्नच उरत नाही. पण ६० घेतला की आठ नट, आठ नट म्हणजे मागचा ॲक्सल, एवढं वजन थांबवायला मोठे ब्रेक, आणि एवढा मोठा गोळा दगडावरून जावा म्हणून ३७ किंवा ४० चे टायर. मग कापाकापी, मग अजून खालचे गिअर. ३५ इंची टायर आणि सुमारे १९० हॉर्सपॉवरच्या व्ही-सिक्सला तो लागतच नाही. दोनशे मैल हायवेवरून जाऊन दोन मैल दगडात जाणाऱ्या गाडीने ते ओझं रोज का वाहायचं?

"दादा, पण एकदाच काय ते करून टाक ना," भाऊ म्हणाला. एकदाच करतो असं म्हणून सुरू झालेल्या, आणि आता ताडपत्रीखाली पडलेल्या गाड्या या शहरात कितीतरी आहेत.

३० नोव्हेंबर, शनिवार

आजची नोंद पिनियनवर, कारण खरी निवड वॅगनीअर आणि फोर्ड या दोघांतच उरली आहे.

पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खालून आत शिरतं की वरून, यावर दोन गोष्टी ठरतात. पहिली ताकदीची. नेहमीचा, म्हणजे खाली पिनियनवाला गोळा मागच्या ॲक्सलसाठी कापलेला असतो. तोच पुढे लावला की तो उलटा फिरतो आणि पुढे जाताना जोर दातांच्या मागच्या, कमी धरणाऱ्या अंगावर येतो. वर पिनियनवाल्याचे दात उलटे कापलेले, म्हणून पुढे लावल्यावर जोर योग्य अंगावर पडतो. दुसरी गोष्ट कोनाची. पिनियन वर असलं की शाफ्ट सरळ होतो आणि दगडांपासूनही वर राहतो.

कोनाचं भांडण कॅस्टरशी आहे. हँडल सरळ राहावं, वळवल्यावर आपोआप परत यावं, यासाठी नकलचा अक्ष वरच्या बाजूने मागे कललेला हवा. मोठ्या टायरला ५-६ अंश तरी. आता पिनियनचं नाक ट्रान्सफर केसकडे उचलायला अख्खा ॲक्सल फिरवला, तर कॅस्टर तेवढाच कमी होतो. कॅस्टर सांभाळला तर नाक खाली जातं आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) कोनात ओढला जातो. खालच्या पिनियनला ही ओढाताण जास्त. सुटका एकच: नळ्यांच्या टोकांना नकल धरणारे जे सी असतात त्यांचं वेल्ड कापायचं, पिनियन हवं तिथे ठेवून सी वेगळे फिरवायचे आणि पुन्हा वेल्ड करायचे. रात्रभर चालणारं, पण होणारं काम.

म्हणून ओळंबा, कोनमापक आणि पीव्हीसी पाइप घेऊन बसलो. ॲक्सलच्या जागी पाइप, शाफ्टच्या जागी दोरी. माझ्या गाडीत ट्रान्सफर केस बरीच मागे, त्यामुळे पुढचा शाफ्ट लांब निघतो. लांब शाफ्टला तीच उंची कमी कोनात पार करता येते. वरच्या टोकाला डबल-कार्डन (दोन क्रॉसचा) जॉइंट घेतला आणि सी फिरवले, तर खालचं पिनियनही बसतं. शाफ्ट आखूड असता तर मी फोर्डकडे गेलो असतो, पाच नट गिळून.

फोर्डच्या बाजूने अजून एक तपासलं: लांब नळी कापून रुंदी कमी करणं. मग एका बाजूचा आतला शाफ्ट नव्या लांबीचा घ्यावा लागतो, पाचरी काढायच्या, शेव्हीचे (शेव्हरलेचे) सहा नटांचे हब शोधायचे. या सगळ्याची बेरीज नव्या हाउसिंगच्या जवळ जाते. मग नवीनच का नको? दर बाजूला जॉइंट कोणता, याचाही विचार आहे. टोयोटाच्या नकलमध्ये बर्फील्ड असतो, चेंडूंवर चालणारा सीव्ही. हँडल पूर्ण वळवलं तरी वेग एकसारखा. डेनामध्ये साधा क्रॉस. पूर्ण वळवून जोर दिला, त्यातही रिव्हर्समध्ये, तर हाच आधी तुटतो. पण तुटलेला क्रॉस डोंगरात हातोडी आणि सॉकेटने बदलता येतो, आणि क्रोमोलीचे (जास्त मजबूत पोलादाचे) शाफ्ट व चांगले क्रॉस घातले तर ३५ च्या टायरला ४४ पुरतो. मी क्रॉसवाला माणूस आहे.

ठरलं: वॅगनीअर.

१४ डिसेंबर, शनिवार

टूसॉनच्या वाटेवरच्या एका भंगार यार्डात वॅगनीअर सापडली, बाजूंच्या नकली लाकडी पट्ट्या उन्हाने उडालेली. हाउसिंगच्या खालच्या रिबवर ओतीव अक्षरांत ४४. गोळा डावीकडे. उजव्या लांब नळीवर डिस्कनेक्टचा (त्या बाजूचा शाफ्ट सोडवणाऱ्या यंत्रणेचा) डबा नाही, हे आधी हाताने चाचपून पाहिलं. यांतल्या काही ॲक्सलांना व्हॅक्युमवर चालणारा डिस्कनेक्ट असतो. म्हणजे त्या बाजूला दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि बदलायला अजून सामान. तो नको होता.

रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे) ओळखायची भंगारातली पद्धत: एक हब धरून ठेवायचा, दुसरा दोनदा पूर्ण फिरवायचा, पिनियन जेवढे फेरे मारेल तो रेशो. पावणेतीनच्या आसपास भरला, म्हणजे २.७३. इथे एक ग्यानबाची मेख आहे. डेना ४४ मध्ये ३.७३ पर्यंतच्या गिअरना एक कॅरियर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) लागतो आणि ३.९२ पासून वरच्यांना दुसरा. म्हणजे या ॲक्सलचा मूळ कॅरियर नेहमीच्या ४.८८ ला उपयोगाचा नाही. मला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा कॅरियर) घालायचाच आहे, तेव्हा तो ३.९२ च्या वरचा मागवला की प्रश्न मिटला. ज्यांना लॉकर नको त्यांनी मात्र ॲक्सल घेण्याआधी हे पाहावं, नाहीतर स्वस्तातला ॲक्सल तिथेच महाग होतो.

४.८८ का, तेही लिहितो. आता ४.१० आहे, ३१ इंची टायरवर. ३५ वर तेच वागणं हवं तर ४.१० गुणिले ३५ भागिले ३१, म्हणजे ४.६३. ४.५६ घेतला तर किंचित उंच पडतो, ४.८८ किंचित खाली. चढणाऱ्या गाडीने खालचा घ्यावा. पहिला गिअर ३.८३, ट्रान्सफर केसचा लो २.५७, ४.१० वर एकूण ४० भरत होते, आता ४८. मागच्या ८.४ इंची गोळ्यालाही अर्थात ४.८८ च. पुढे-मागे रेशो वेगळा ठेवून फोर-व्हील लावली तर काहीतरी तुटेपर्यंत गाडी स्वतःशीच भांडते.

२८ डिसेंबर, शनिवार

भावाचा ॲक्सल १९८४ च्या पिकअपचा मिळाला, बंद नकलसकट. उघडला तर आत ग्रीस आणि गिअर ऑइल मिळून पातळ काळं सूप झालेलं. आतलं ऑइल सील गेलं की गोळ्यातलं तेल नळीतून नकलमध्ये उतरतं आणि ग्रीस धुऊन काढतं; बर्फील्ड कोरडा पडू लागतो. नवी सीलं, नव्या ट्रनियन बेअरिंग, पुसणारी फेल्ट आणि रबरं, आणि क्रोमोलीचे बर्फील्ड. जुने चांगले निघाले, ते स्पेअर म्हणून गाडीत. ३३ च्या टायरला जुनेच पुरले असते, पण मी त्याच्या नावापुढे ३५ लिहिलंय ते त्याने वाचलं.

त्याच्या ॲक्सलच्या ८ इंची गोळ्याची एक गोष्ट मला डेनापेक्षा आवडते: अख्खा मधला भाग नट काढून पुढून बाहेर निघतो. टेबलावर ठेवून शिम (पातळ चकत्या) लावा, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) बघा, परत बसवा. डेना ४४ ची सेटिंग गाडीखाली किंवा ॲक्सल स्टँडवर ठेवूनच करायची.

११ जानेवारी २०२५, शनिवार

स्टिअरिंग. इंडिपेंडंटबरोबर टकोमाचं रॅक जाणार, कारण ते सॉलिड ॲक्सलबरोबर वरखाली होऊ शकत नाही. त्याऐवजी १९८६ ते ९५ च्या पिकअपचा स्टिअरिंग बॉक्स, ज्याचा आर्म डावी-उजवी हलतो. चासीला आतून प्लेट घालून डावीकडे पुढे बसवायचा. भावाच्या गाडीत हाच बॉक्स कंपनीनेच दिलेला आहे. पुन्हा एकदा त्याचं काम फुकटात.

ड्रॅग लिंक (बॉक्सच्या आर्मपासून नकलपर्यंतची दांडी) उजव्या नकलच्या डोक्यावर न्यायची, म्हणजे ती पाट्यांच्या वरून आडवी जाईल. वॅगनीअरचे नकल त्यासाठी सोयीचे नाहीत. शेव्हीचे सपाट डोक्याचे नकल याच बॉल जॉइंटवर बसतात आणि त्यांच्या डोक्यावर मशीनिंग करून आर्म बोल्ट करता येतो. म्हणजे बाद केलेल्या शेव्ही ॲक्सलचाही एक तुकडा घरात आलाच. शॅकल (पाट्यांच्या टोकाचा हलता जोड) मागे, ॲक्सल मूळ जागेपेक्षा थोडा पुढे. व्ही-सिक्सचं ऑइल पॅन आणि गोळा समोरासमोर येतात, पाटे पूर्ण दबल्यावर मध्ये बोट जाईल एवढी जागा हवी. पाट्यांच्या जागी जॅक लावून दाबून पाहिलं. जाते.

एबीएसचे सेन्सर पुढच्या मूळ हबबरोबर जाणार, डॅशबोर्डवर दिवा पेटलेला राहील. पुढचे ब्रेक मोठे असले तरी ओल्या रस्त्यावर हे लक्षात ठेवून चालवायचं.

काकांचा मुलगा विचारतोय, त्याच्या थारला हे करता येईल का. त्याला उत्तर दिलं ते इथेही लिहितो: अरिझोनात गाडीची फक्त धुराची तपासणी होते, तीही फिनिक्स-टूसॉन भागात. तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून केलेल्या बदलांविरुद्ध निकाल दिला आहे. पासिंग होणार नाही, विमा हात वर करेल. जुनी जीप घे, काका सांगतायत तीच.

२५ जानेवारी, शनिवार

सी कापले, फिरवले. कॅस्टर ६ अंश, दोन्ही बाजूंनी सारखा. पिनियन ट्रान्सफर केसकडे. शेजारच्या वेल्डरने आधी गुण्या लावला, मग कोनमापक, मग माझ्याकडे पाहिलं आणि टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारले. नळ्या गोळ्याच्या ओतीव भागात जिथे शिरतात तिथे पूर्ण वेल्ड करायचं आहे. ओतकाम असल्यामुळे आधी तापवून, नंतर घोंगडीत गुंडाळून हळूहळू थंड करून.

टोयोटाच्या मूळ रिमचं मधलं भोक १०६ मिलिमीटर, डेनाचं लॉकिंग हब त्यातून जात नाही. रिम नवीन घ्यावे लागणार, चार आणि स्टेपनीचा एक. यादीत भर.

भावाचा ॲक्सल गाडीखाली लागला, यू-बोल्ट कसले, चाकांच्या रेषा मागच्या चाकांशी जुळल्या. माझे ४.८८ चे दोन्ही सेट आणि लॉकर आले आहेत. पुढच्या आठवड्यात आधी मागचा गोळा, कारण तो बाहेर काढून टेबलावर होतो. मग डेनाचं पिनियन शिमवर घ्यायचं. शिमचं पाकीट दोन जाडीतच आलंय, मधली जाडी सोमवारी मागवायची.